हायड्रोपोनिक्समध्ये पाणी जास्त होऊन खोड कुजतंय, झाड वाचेल का?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. गच्चीवर ४ इंची पीव्हीसी पाईपची हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर झाडं वाढवायची सिस्टीम आहे, त्यात लेट्युस आणि बेसिल, बाजूला ६ बकेटमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) चेरी टोमॅटो, सगळं एकाच टाकीवर आणि एकाच पंपावर. महिनाभर झकास चाललेलं, पण पावसाची झड लागली आणि झाडं दुपारी माना टाकायला लागली. पाणी कमी पडतंय असं वाटून त्यांनी तासाला १५ मिनिटं चालणारा पंप चोवीस तास चालू ठेवला, आणि दुकानदारानं दिलेलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक टाकीत टाकलं. आता नेटपॉटजवळ (झाड बसवायचा जाळीचा कप) खोड तपकिरी होऊन मऊ पडलंय. झाडं वाचतील का आणि परत असं होऊ नये म्हणून काय करायचं, एवढं त्यांना पाहिजे.

ताई, पुढचं वाचायच्या आधी गच्चीवर जा आणि बकेटकडं जाणारा कॉक बंद करून या. कोकोपीट भिजून गच्च झालेलं असणार, त्याला आज आणि उद्या पाण्याची गरजच नाही. पाईपचा पंप चालू राहू दे, तिथला घोळ वेगळा आहे, त्यावर खाली लिहितो.

आता हे होतंय का ते बघू. लोक म्हणतात हायड्रोपोनिक्समध्ये मुळं पाण्यातच असतात मग पाणी जास्त कसं होईल. मुळाला पाण्याबरोबर हवा पण लागते की ओ. ते पण श्वास घेतंय, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार थोडा असतोय. समुद्रसपाटीला २० अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास येतोय, आणि आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर असल्यानं त्याहून थोडा कमीच धरायचा. त्यात पाणी गरम झालं की मुळाची भूक वाढते म्हणजे दोन्हीकडून तोटा. पाणी एका जागी उभं राहिलं की मुळाभोवतीचा ऑक्सिजन संपतो, मूळ गुदमरतं, त्याची बारीक टोकं मरतात आणि मेलेल्या मुळावर रोग बसतो. मूळ मेलं की झाडाला पाणी वर खेचता येत नाही, म्हणून टाकी भरलेली असून पण झाड सुकलेलं दिसतं. आपण ते बघून अजून पाणी देतो. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा तरी होतेच, मनाला लावून घेऊ नका.

पावसात हे जास्त का, तर मे महिन्यात टोमॅटोचं मोठं झाड दिवसाला लिटर दीड लिटर सहज पितंय, आणि तरण्या-म्हाताऱ्या पावसात चार-चार दिवस ऊन नाही, हवेत नुसती ओल, अशा वेळी तेच झाड त्याच्या निम्मं पण पीत नाही. टायमर मात्र उन्हाळ्याचाच राहिलेला असतो. माझं स्वतःचं असंच झालेलं. कंग्राळी बाजूला माझं शेडनेट आहे, ९ वर्षं झाली, तिसऱ्या वर्षी जुलैत सलग आठ दिवस झड लागली, मी घरच्या लग्नात अडकलेलो आणि टायमर मेचाच. परत आलो तेव्हा ४० चेरी टोमॅटोमधली २२ गेलेली. एक बकेट उलटी करून बघितली तर तळाच्या एल्बोमध्ये, म्हणजे पाणी निघायच्या वाकड्या जोडात, मुळांचा बोळा अडकून पाणी जिथं दीड इंच राहायला पाहिजे तिथं अर्ध्या बकेटपर्यंत चढलेलं, आणि वरून कोकोपीट बघितलं तर अगदी व्यवस्थित दिसत होतं. तेव्हापासून दर रविवारी प्रत्येक एल्बोत बोट घालून बघतो, पाहुणे आलेले असले तरी.

आता तपासायचं कसं. सकाळच्या उजेडात एक नेटपॉट हळूच वर उचला आणि आधी वास घ्या. निरोगी मुळाला पहिल्या पावसातल्या मातीसारखा हलका वास असतो किंवा वासच नसतो, कुजलेल्याला गटारीचा. मग एक तपकिरी मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून हळू ओढा. साल सटकन निघून बोटाला लागली आणि मागं पांढऱ्या दोऱ्यासारखी बारीक शीर राहिली तर ते पिथियम, म्हणजे मुळं कुजवणारा रोग आहे असं समजून कामाला लागा. नुसतं रंगानं ठरवू नका हां, खतातल्या लोहानं किंवा ह्युमिकनं पण मुळं चहाच्या रंगाची होतात, पण ती धुतल्यावर टणक लागतात, साल निघत नाही. मी नवीन असताना अशी चांगली मुळं कापून टाकलीत, म्हणून सांगतोय.

मग खोडाकडं या. नेटपॉटमध्ये रोप धरून ठेवणारा स्पंज बाजूला सरकवून बुडख्याला नखानं अगदी हलकं खरवडा. आत हिरवा-पांढरा रंग आणि थोडी ओल दिसली तर जीव आहे. तपकिरी पाणी आलं आणि नख लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तो भाग गेला. त्या भागावर काय दिसतंय ते पण नीट बघा कारण प्रत्येक कूज एका जातीची नसते. राखेसारखी करडी बुरशी, हात लावला की धूर उडाल्यासारखी उडते, ती बोट्रायटिस, आपल्याकडं गार ओल्या हवेत पानांची दाटी झाली की येते. बुडख्यावर पांढरी जाळी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर ती स्क्लेरोशियम, भुईमूग लावणाऱ्यांनी बघितलेली असते. तांबूस खोलगट सुका डाग असेल तर रायझोक्टोनिया. आणि एका रात्रीत खोड बुळबुळीत होऊन नाकाला रुमाल लावायची वेळ आली तर बॅक्टेरिया, त्याला औषध शोधत बसू नका, झाड पिशवीत बांधून कचऱ्यात. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे आधी दुपारची मान टाकणं, मग नेटपॉटपासून वर सरकत जाणारी मऊ कूज, मला पिथियम वाटतंय.

पिथियमबद्दल एक गोष्ट कळली की पुढचं सगळं सोपं जातंय. त्याला आपण बुरशी म्हणतो पण ती खरी बुरशी नव्हे, पाण्यातल्या शेवाळाच्या जवळच्या कुळातला जीव आहे. त्याचे बीजाणू शेपटीनं पोहत पोहत मुळाकडं येतात, म्हणजे एकच टाकी असली की एका बेसिलचा रोग पूर्ण लाईनला पोचायला वेळ लागत नाही. आणि म्हणूनच कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर काही उपयोग होत नाही, ते औषध खऱ्या बुरशीच्या पेशीत ज्या जागी काम करतं तिथं ते ह्याला लागूच पडत नाही. मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल लागू पडतात हे खरं, पण ज्या पाण्यात आज औषध टाकलं त्याच पाण्यातलं लेट्युस आपण दोन आठवड्यांनी पोराबाळांना कच्चं खायला देणार, मी फिरत्या पाण्यातल्या पालेभाजीला ही औषधं कधीच टाकत नाही आणि दुसऱ्याला पण टाका म्हणून सांगणार नाही. तुम्ही कार्बेन्डाझिम टाकलेलं पाणी टाकीत ठेवू नका, आणि आत्ता पाईपमध्ये असलेला पाला खाऊ पण नका.

मामाचं घर निपाणीकडं, तंबाखूवालं. लहानपणी पावसाळ्यात तंबाखूचं तरू टाकलेल्या वाफ्याजवळ मामा आम्हाला संध्याकाळी झारी धरू द्यायचा नाही. तेव्हा वाटायचं उगाच ओरडतोय. रोपाचा बुडखा रात्रभर ओला राहिला की सकाळी पैशाएवढ्या गोलात रोपं आडवी झालेली असायची आणि दोन दिवसांत तो गोल ताटाएवढा व्हायचा. तो मर रोग म्हणजे हेच पिथियम. मामा म्हणायचा, "पाणी पायाला घाल, मानेला नको." आज माझ्या शेडमध्ये कामाला येणाऱ्या पोरांना मी तेच सांगतो, फक्त वाफ्याच्या जागी पाईप आलाय.

आता उपचार. एका दिवसात उरकायचं काम आहे, अर्धं आज अर्धं उद्या करू नका, कारण अर्धी साफ केलेली सिस्टीम रात्रीत परत घाण होते. सगळी झाडं बाहेर काढून तीन ढिगात लावा, ठीक दिसणारी, मुळं खराब पण खोड टणक असलेली, आणि खोड मऊ पडलेली. ठीक असलेल्यांना आधी हात लावायचा आणि मऊवाल्यांना शेवटी, हे उलटं केलं तर तुमच्याच हातानं रोग पसरतो. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटमध्ये बुडवा. दुसऱ्या ढिगातल्या झाडांची मुळं साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवा, काळी आणि साल सुटणारी सगळी कापा, पांढरं राहील तेवढंच ठेवा, मूठभर राहिलं तरी चालतं. मुळं कापली तेवढा पाला पण कमी करायचा, साधारण एक तृतीयांश, नाहीतर उरलेल्या मुळांना तो भार झेपत नाही. आठ दिवस सावलीत, आणि खत निम्म्या ताकदीचं, ईसी (पाण्यात किती खत विरघळलंय त्याचं माप) ०.६ ते ०.८, पीएच ५.८ ते ६.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल सगळे विचारतात. उपयोग होतो, पण ते अडीअडचणीचं औषध आहे, रोजचं नाही. ३ टक्क्यांचं असेल तर लिटरला ३ मिली, औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ६ टक्क्यांचं मिळतं तर त्याचं दीड मिली, बाटलीवर आकडा वाचूनच घ्या. ते पाण्यातल्या पोहणाऱ्या बीजाणूंना मारतं, थोडा ऑक्सिजन सोडतं आणि विरून जातं. तीन दिवसांनी अजून एकदा द्यायचं, मग थांबायचं. चांगले जिवाणू पण त्यानं मरतात, म्हणून त्याच दिवशी ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी चांगली बुरशी) किंवा बॅसिलस (तसाच चांगला जिवाणू) घातलं तर पैसे पाण्यात, मध्ये चार दिवस जाऊ द्या. आणि कारखान्यात वापरायचं ३०-५० टक्क्यांचं स्वस्त मिळतंय म्हणून कुणी आणून दिलं तर घरात ठेवू नका, कातडी जाळतं ते.

टाकी, पाईप, नळ्या, सगळ्यातलं पाणी सोडून द्या, आतला बुळबुळीत थर ब्रशनं घासा. थर तसाच ठेवून वरून औषध घातलं तर आतला रोग सुरक्षित राहतो. मग ४-५ टक्क्यांचं साधं ब्लीच लिटरला १० मिली ह्या हिशोबानं पाण्यात घालून पंप अर्धा-पाऊण तास फिरवा, दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा आणि जमेल तेवढं उन्हात सुकवा. पावसात ऊन नाही मिळत हे मान्य, मग पंख्याखाली ठेवा पण पूर्ण कोरडं होऊ दे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, ब्लीच आणि पीएच डाऊनचं (पाण्याचा पीएच कमी करायचं) ॲसिड एकत्र कधी येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तर अजिबात नको. वापरलेले स्पंज परत वापरू नका, दोन-तीन रुपयांच्या स्पंजासाठी पीक जातंय.

परत होऊ नये म्हणून काय, तर तुमच्या ४ इंची पाईपमध्ये माझा संशय शेवटच्या एंड कॅपवर, म्हणजे पाईपच्या टोकाच्या झाकणावर आहे. घरगुती सिस्टीममध्ये पाणी बाहेर पडायचं भोक बऱ्याचदा अर्ध्यावर पाडलेलं असतं, म्हणजे लाईट गेली तरी आत दोन इंच पाणी राहावं म्हणून. रोप लहान असताना ते बरं असतं. पण मुळं हातभर झाल्यावर पण नेटपॉटचा तळ पाण्यात बुडलेला राहिला तर स्पंज कायम चिंब आणि खोडाची मान कायम ओली. मुळं खाली आली की पाणी आणि नेटपॉटचा तळ यात दोन-तीन सेंटीमीटर मोकळी हवा पाहिजे, ह्या हवेतल्या मुळांवर बारीक लव येते, तीच झाडाला श्वास घ्यायला मदत करते. एंड कॅप थोडी फिरवून भोक खाली आणता येतंय का बघा, आणि पाईपला दर मीटरला दोन-तीन सेंटीमीटर उतार द्या. उतार एकसारखा आहे का ते रिकाम्या पाईपमध्ये तांब्याभर पाणी सोडून कळतं, कुठं डबकं राहिलं तर तिथलं झाड आधी जाणार. असं झालं की पंप चोवीस तास चालला तरी पाईपला काही होत नाही, वाहतं पाणी हवा घेऊनच येतंय.

बकेटची लाईन वेगळी करा, वेगळ्या टायमरवर, जमलं तर वेगळ्या टाकीवर. कोकोपीट स्वस्तातलं असलं की त्यात भुकटी जास्त असते, ती खाली बसून चिखल होतो, धुऊन घ्या आणि तीस टक्क्यांच्या आसपास परलाईट (पांढरे हलके खनिजाचे दाणे) मिसळा. पहिलं पाणी ऊन वर आल्यावर तास-दोन तासानं, शेवटचं सूर्यास्ताच्या दोन तास आधी, रात्री काही नाही. प्रत्येक वेळी थोडं थोडं, दिवसभरात दिलेल्या पाण्याच्या १५ ते २५ टक्के खालून निघालं म्हणजे बरोबर. झडीच्या दिवशी मी बकेट हातानं उचलून वजनावर ठरवतो, जड लागली तर पाणी नाही, मग टायमर काही म्हणू दे. ड्रिपची पिन खोडाला चिकटून टोचू नका, चार बोटं लांब.

स्पंजावर हिरवं शेवाळ दिसतंय का बघा, त्यावर बारीक काळी चिलटं येतात, त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात आणि रोग पण घेऊन फिरतात. स्पंजाभोवती काळा प्लास्टिकचा गोल तुकडा ठेवला की आत उजेड जात नाही, शेवाळ नाही. लेट्युस आणि बेसिलचा बुडखा स्पंजात खोल दाबू नका, टोमॅटो खोल चालतो कारण त्याला खोडातून मुळं फुटतात. टाकीचं पाणी १८ ते २२ अंशात बसवायचा प्रयत्न, पावसात आपल्याकडं ते आपोआप होतं, एप्रिल-मेमध्ये टाकी सावलीत, वर ओलं गोणपाट. पण म्हणून पावसात निर्धास्त राहू नका, पिथियमच्या काही जाती गार पाण्यात पण मजेत वाढतात. टाकीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) २४ तास, आणि लाईट जाते म्हणून माशांच्या दुकानात मिळणारा बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवा, मोठा खर्च नाही. पावसाळ्यात नदी-ओढ्याचं गढूळ पाणी टाकीत नको, आणि शेतातून आलेल्या चिखलाच्या पायांनी, खुरप्यांनी गच्चीवर जाऊ नका, मातीत पिथियम असतोच.

ट्रायकोडर्मा, बॅसिलस ही रोग यायच्या आधीची कामं. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा चांगलं चालतं, नुसत्या पाण्याच्या सिस्टीममध्ये मला बॅसिलसचा अनुभव जास्त बरा आहे, द्रवरूपातलंच घ्या, पावडरनं ड्रिपर तुंबतात. एवढं सगळं करून पण दुसऱ्यांदा तीच कूज आली तर अंदाजावर बसू नका, गोकाकजवळ आरभावीला हॉर्टिकल्चर कॉलेज आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, ताजं आजारी झाड मुळासकट ओल्या कागदात गुंडाळून घेऊन जा. वाळलेलं नेऊन उपयोग नाही, त्यात तपासायला काही उरत नाही.

राहिला तिसरा ढीग. मऊ पडलेलं लेट्युस सोडून द्या, त्याला शेंड्यावरनं परत जगवता येत नाही, आणि ते कंपोस्टच्या खड्ड्यात नको. बेसिल आणि टोमॅटो मात्र वाचवता येतात. मऊ भागाच्या बरंच वर, चार ते सहा इंचाचा शेंडा पेराच्या जरा खाली कापा आणि कापलेलं तोंड उजेडात धरून बघा. आत तपकिरी गोल किंवा ठिपका दिसला तर अजून वर कापा, पूर्ण पांढरट-हिरवं दिसेपर्यंत. खालची पानं काढा, फुलं-कळ्या काढा, वेगळ्या ग्लासात साध्या पाण्यात फक्त एक-दोन पेरं बुडतील एवढंच ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. टोमॅटोला आठ-दहा दिवसांत मुळं येतात, बेसिलला दोन आठवडे धरा. आणि टोमॅटोचे शेंडे आज संध्याकाळीच काढून घ्या ताई, साफसफाई उद्या झाली तरी चालेल, पण ती कूज रात्रीत वर सरकते आणि सकाळी कापायला चांगला भाग शिल्लक नसतो.